बोर्डिंग शाळेत ज्यू असल्याचं लपवणारा मुलगा: घरच्यांनी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीत राहणारं एक मराठी बेने इस्राएल, म्हणजे मूळचं कोकणातलं ज्यू, कुटुंब. पंधरा वर्षांचा मुलगा मॅसॅच्युसेट्समधल्या एका नामांकित बोर्डिंग शाळेत दहाव्या इयत्तेत आहे. आडनाव '-कर'ने संपणारं, चेहरामोहरा भारतीय, त्यामुळे सगळे त्याला हिंदू धरून चालतात आणि त्यानं ते कधी खोडलं नाही. वसतिगृहात नाझींनी ज्यूंना मारलं त्या गॅस चेंबरवर विनोद चालतात. ज्यू पैशाचे लोभी असतात या जुन्या कुचेष्टेवरून मुलं जमिनीवर सुटी नाणी टाकून 'ज्यू कोण ते आता कळेल' म्हणतात. एकदा खोलीबाहेरच्या फळ्यावर नाझी स्वस्तिक काढलं आणि त्यालाच विचारलं, 'हे तुमच्या धर्मातलंच ना?' तो हसला. योम किप्पूरला, म्हणजे ज्यूंच्या मोठ्या उपासाच्या दिवशी, पोट बिघडल्याचं सांगून दिवसभर खोलीत पडून राहिला. आता घरी सगळं सांगितलंय, पण शाळेला फोन करायचा नाही ही अट घालून. आईचा प्रश्न: गप्प बसायचं, की शाळेत जाऊन उभं राहायचं?

दोन्ही नको. यात दोन गोष्टींची गाठ बसली आहे, ती आधी सोडवायला हवी. वसतिगृहात जे चाललंय ते थांबवणं ही एक गोष्ट. मुलानं आपण ज्यू आहोत हे सांगणं ही दुसरी. पहिली जबाबदारी शाळेची आहे आणि ती पार पाडायला कोणत्याही मुलानं आपली ओळख सांगावी लागत नाही. दुसरा निर्णय पूर्णपणे मुलाचा आहे आणि तो त्यानं घेतलाच पाहिजे असंही नाही. आईबाप घाबरून किंवा संतापून पहिली गोष्ट करायला जातात आणि दुसरी परस्पर करून बसतात. मुलाला नेमकी त्याचीच धास्ती आहे, म्हणून ती अट.

लपवण्याकडे लाज म्हणून बघू नका. बहुतेक वेळा मूल असा निर्णय घेतच नाही. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणतं, 'इंडियन म्हणजे हिंदू ना?' आणि ते नुसतं खांदे उडवतं. तिथंच खोडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. महिन्यानं ते खुलासा वाटतं, सहा महिन्यांनी कबुलीजबाब. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडते, ती घरच्यांच्या लक्षात येत नाही: ज्याचं नाव कोहेनसारखं उघड ज्यू आहे त्याच्यासमोर मुलं जीभ आवरतात, तुमच्या मुलासमोर आवरत नाहीत. उघडपणे ज्यू असलेल्या मुलापेक्षा त्याच्या कानावर जास्त पडतं, आणि ऐकल्यावर चेहरा सरळ ठेवायचं कामही त्याचंच. तो हसला ते त्यामुळे. त्या हसण्याबद्दल त्याला एका शब्दानंही विचारू नका. ते त्याच्या मनात आधीच रुतलेलं आहे.

लपवण्याच्याही तीन पायऱ्या असतात आणि तो कोणत्या पायरीवर आहे हे कळलं पाहिजे. एक, विषय निघाला नाही म्हणून सांगितलं नाही. दोन, लोकांचा गैरसमज तसाच राहू दिला. तीन, तोंडानं खोटं सांगितलं: 'हो, आम्ही हिंदू,' किंवा दिवाळीला घरी काय करतो याच्या गोष्टी रचल्या. तिसऱ्या पायरीवर मुलाची फार शक्ती जाते. कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवायचं, पेरेंट्स वीकेंडला आईबाप काही बोलून जातील म्हणून त्यांना येऊ द्यायचं नाही, आजीचा फोन आला की खोलीबाहेर पळायचं. मार्कांत अचानक झालेली घसरण पुष्कळदा इथून सुरू होते.

हे काही आजचं नाही. १९२२ साली हार्वर्डमध्ये नव्या विद्यार्थ्यांत ज्यू सुमारे २१ टक्क्यांवर गेले, तेव्हा अध्यक्ष लॉवेल यांनी १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. उघड कोट्याला विरोध झाला, म्हणून आडवाट शोधली गेली. त्याच वर्षीपासून अर्जात विचारू लागले की जन्मानंतर तुमच्या किंवा वडिलांच्या नावात काही बदल झाला आहे का, असल्यास पूर्ण खुलासा करा. आईचं माहेरचं नाव आणि वडिलांचं जन्मस्थळही विचारलं जाई. पुढे १९२६ पासून फोटो मागवू लागले आणि 'चारित्र्या'ला वजन आलं. नाव बदलून आत शिरणारे लोक होते, हे तो अर्ज तयार करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. तुमच्या मुलाला नाव बदलावं लागलं नाही. कोकणातल्या गावाचं नावच त्याचा आडोसा झालं. पण आडोशामागे उभं राहायची वेळ का येते, ते त्याला या इतिहासातून समजेल. आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटणाऱ्या मुलाला हे सांगणं फार मोलाचं असतं.

आता कामाचं. पहिलं बोलणं फोनवर करू नका, वसतिगृहात भिंतीलाही कान असतात. त्याला शनिवार-रविवार घरी आणा किंवा तुम्ही तिकडं जाऊन गाडीत बोला. गाडीत दोघांचे डोळे रस्त्यावर असतात, मुलं तिथं मोकळी होतात. त्याला वचन द्या: 'तू ज्यू आहेस हे तुझ्या परवानगीशिवाय आम्ही कुणालाही सांगणार नाही.' पण 'आम्ही काहीच करणार नाही' असं वचन देऊ नका. ते पाळता येणार नाही आणि मोडलं की पुढचं काही तुमच्यापर्यंत पोचणार नाही. मग तीनच प्रश्न: रात्री झोपताना सुरक्षित वाटतं का? शाळेत हे कुणाला माहीत आहे का? उद्या एकच गोष्ट बदलता आली तर कोणती? 'आपण अभिमानानं सांगायला हवं' हे वाक्य टाळा. ते खरं असलं तरी त्या क्षणी मुलाला त्यातून एवढंच ऐकू येतं की मी तुम्हाला खाली बघायला लावलं. आणि कृपा करून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहू नका. त्यातली एक चुलत बहीण, तिची मैत्रीण, मैत्रिणीचा भाऊ, आणि गोष्ट दोन दिवसांत त्याच वसतिगृहात पोचते.

नोंदी आजपासून. प्रत्येक प्रसंगाची तारीख, वेळ, जागा, कोण बोललं, कोण हजर होतं, मोठं माणूस होतं का आणि त्यानं काय केलं. शब्द जसेच्या तसे, ज्या भाषेत बोलले त्याच भाषेत लिहायचे. 'ज्यूंबद्दल वाईट बोलले' या नोंदीचा काही उपयोग होत नाही. त्याच दिवशी लिहिलेल्या ओळीला वजन असतं, महिन्यानं आठवून लिहिलेल्या पानाला नसतं. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा घ्यायचा, वेळ आणि खातं दिसेल असा. स्नॅपचॅटवर स्क्रीनशॉट घेतला की पाठवणाऱ्याला कळतं, तेव्हा दुसऱ्या फोननं फोटो काढायचा. फळ्यावर, बाकावर, स्वच्छतागृहाच्या दारावर काही दिसलं तर पुसण्याआधी दोन फोटो: एक जवळून, एक खोलीचा नंबर दिसेल असा लांबून. यातलं काहीही शाळेच्या लॅपटॉपवर किंवा शाळेनं दिलेल्या ईमेल खात्यात ठेवायचं नाही. ते खातं शाळेच्या हातात असतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू द्यायची नाही: चोरून आवाज रेकॉर्ड करणं. न्यू जर्सीत बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती पुरते, म्हणून तुम्हाला ते साधं वाटेल. मॅसॅच्युसेट्समध्ये गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग गुन्हा ठरतो. चांगली भक्कम तक्रार अशा एका क्लिपमुळे उलटू शकते आणि चौकशी तुमच्याच मुलाची सुरू होते.

मुलांच्या सांकेतिक भाषेची घरच्यांना माहिती हवी, नाहीतर नोंदवहीतला अर्धा मजकूर निरर्थक दिसेल. ८८ म्हणजे 'हाइल हिटलर', कारण इंग्रजी वर्णमालेत एच आठवं अक्षर. १०९ किंवा ११० म्हणजे ज्यूंना इतक्या देशांतून हाकललं आणि आता पुढचा, असा द्वेषाचा दावा. नावाभोवती तिहेरी कंस म्हणजे 'हा ज्यू आहे' ही खूण. कुणाचं नाव निघालं की 'अर्ली लाइफ बघ' म्हणणं म्हणजे चरित्रातलं बालपणाचं प्रकरण उघडून तो ज्यू आहे का ते तपासा. हे लिहिणारं प्रत्येक पोर नाझी विचारांचं असतं असं नाही, बरीचशी नक्कल असते. पण तक्रारीत हेतू सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही. काय लिहिलं गेलं तेवढं दाखवायचं.

स्वस्तिकाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथं तुमच्या मुलाला ढाल म्हणून वापरलं गेलं. भारतीय दिसणाऱ्या मुलाकडून 'हो, आमच्यात शुभ असतं' एवढं वदवून घेतलं की फळ्यावर काढणारा सुटला. आकारावरून वाद घालू नका. नाझींचं चिन्ह तिरकं असतं, आपल्याकडच्या स्वस्तिकाच्या चार घरांत ठिपके असतात, हे खरं आहे, पण मुलं सरळ, उलटं, कसंही काढतात. अर्थ जागेवरून ठरतो. कुंकवानं उंबऱ्यावर काढलेलं वेगळं. गॅसच्या विनोदांच्या मधोमध, ८८ शेजारी मार्करनं काढलेलं वेगळं. मुलाला एक वाक्य तयार ठेवू द्या: 'इथं कुणी पूजा करत नाहीये, पुसून टाक.' हे म्हणायला ज्यू असल्याचं सांगावं लागत नाही. हिंदू मुलगाही हेच म्हणू शकतो, किंबहुना म्हणायला हवं.

शाळेत कुणाकडे जायचं? बोर्डिंग शाळेत प्रत्येक मुलाला एक ॲडव्हायझर असतो, वसतिगृहात देखरेख करणारा डॉर्म पेरेंट, वर डीन ऑफ स्टुडंट्स, त्यावर हेड म्हणजे मुख्याध्यापक. यांच्यापैकी कुणावरही गुप्ततेचं बंधन नसतं. गुप्तता साधारणपणे आरोग्य केंद्रातल्या समुपदेशकाकडे आणि काही ठिकाणी चॅपलेनकडे, म्हणजे शाळेच्या धर्मगुरूकडे, असते, तीही जिवाला धोका नसेल तोवर. म्हणून कुणाशीही बोलण्याआधी विचारायचं, 'मी सांगेन ते तुम्ही कुणाकुणाला सांगाल?' हा प्रश्न मुलालाही पाठ करून द्या. काही शाळांत अर्धवेळ रबाय म्हणजे ज्यू धर्मगुरू असतात, ज्यू विद्यार्थ्यांचा गट असतो. पण मुलगा अजून लपवत असेल तर त्या गटाच्या दारात त्याला ढकलू नका, तिथं कोण जातं ते सगळ्यांना दिसतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये २०१० च्या कायद्यानुसार खासगी शाळांनाही दादागिरी रोखण्याचा लेखी आराखडा ठेवावा लागतो. तो मागवा आणि वाचा. त्यात निनावी तक्रारीची सोय असलीच पाहिजे, पण केवळ निनावी तक्रारीवरून कुणाला शिक्षा करता येत नाही. तुमच्या अडचणीवरचा तोडगा या दोन वाक्यांच्या मध्ये आहे. निनावी माहितीवरून शाळेनं स्वतः पाहणी सुरू करायची, फोटो आणि स्क्रीनशॉटनं ती पक्की करायची, आणि मग कारवाई स्वतःच्या पुराव्यावर करायची. तुमचा मुलगा साक्षीदार म्हणूनही पुढे यायची गरज उरत नाही.

इथं शाळा एक पळवाट काढते: 'हे कुणाला उद्देशून नव्हतं, म्हणून ही दादागिरी नाही.' कायद्यातली व्याख्या विशिष्ट मुलाविरुद्ध वारंवार होणाऱ्या कृतीची आहे, त्यामुळे हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. म्हणून पत्र फक्त दादागिरीच्या कलमावर उभं करू नका. विद्यार्थी नियमपुस्तिकेत द्वेषमूलक भाषेवर वेगळं कलम बहुधा असतं. तेच आधाराला घ्या, पान क्रमांकासकट. आणि कुणी विचारलं, 'पण यामुळे नेमका कोणता ज्यू विद्यार्थी दुखावला?' तर उत्तर एकच: 'नियम ऐकणाऱ्यावर नाही, करणाऱ्यावर आहे.' या प्रश्नाच्या उत्तरात आपल्या मुलाचं नाव सांगून बसणं ही पालकांची सगळ्यात मोठी चूक.

पत्र एका पानाचं, डीनला, प्रत हेडला. फोन नको, कारण फोनचा कागद होत नाही. तीन-चार प्रसंग तारखांसह, जोडलेले फोटो, लागू होणारं कलम, आणि मग मागण्या: पत्र मिळाल्याची लेखी पोच, चौकशी कोण आणि कधीपर्यंत करणार, तोवर त्या मजल्यावर रात्री कोण मोठं माणूस असेल, आणि तक्रार करणाऱ्यावर सूड उगवला गेला तर शाळा काय करणार. 'आमच्या मुलाच्या वसतिगृहात' असं लिहायचीही गरज नाही, 'अमुक वसतिगृहात' पुरे. 'त्या मुलाला काढून टाका' असं लिहू नका. कुणाला काय शिक्षा झाली हे शाळा तुम्हाला सांगणार नाही, आणि त्या वादात मूळ मागणी बुडते. दहा कामकाजाच्या दिवसांत काही आलं नाही तर तेच पत्र पुन्हा, वर तारीख घालून. दुसऱ्या मुलाच्या आईबापांना मात्र फोन करू नका.

शाळा उत्साहानं काही करते तेव्हाही सांभाळा. घाईघाईनं होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडावर, व्याख्यान ठेवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी वसतिगृहात एकच चर्चा असते, चहाडी कुणी केली. व्याख्यान हवंच, पण तक्रारीनंतर काही आठवड्यांनी, चौकशी संपल्यावर. दुसरा सापळा समेटाच्या बैठकीचा: सगळ्यांनी गोल बसायचं आणि ज्याला लागलं त्यानं मन मोकळं करायचं. ओळख लपवणाऱ्या मुलासाठी ही सक्तीची घोषणाच ठरते. करणाऱ्यांनी आपली चूक आधी मान्य केलेली असेल आणि मुलगा स्वतःहून तयार असेल तरच हो म्हणा. तिसरं म्हणजे 'त्याला दुसऱ्या वसतिगृहात हलवू या'. सामान उचलायचं तर करणाऱ्यानं, सहन करणाऱ्यानं नाही. मुलानं स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं वंशभेदाविरुद्धचं सहावं प्रकरण केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांनाच लागू होतं, आणि बऱ्याच खासगी शाळा तो घेत नाहीत. लागू होत असेल तर शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रारीची मुदत साधारण १८० दिवस, म्हणून पहिल्या प्रसंगाची तारीख लिहून ठेवा. खासगी शाळांबाबत वंशभेदाविरुद्धचा १८६६ चा नागरी हक्क कायदा उपयोगी पडू शकतो. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो खासगी शाळांच्या प्रवेशाला लावला आणि १९८७ मध्ये त्याच कायद्याच्या मालमत्तेबाबतच्या कलमाखाली ज्यूंना वंशभेदापासून संरक्षण आहे असं ठरवलं. तरी वकिलाकडे जाण्याआधी प्रवेशाचा करार बघा. पुढच्या वर्षाचा करार बहुधा हिवाळ्यात येतो आणि ठरावीक तारखेनंतर पूर्ण फी अंगावर पडते. ती तारीख जवळ असेल तर सही करण्यापूर्वी उत्तर मागा. तुमच्या हातात सगळ्यात जास्त बळ त्या आठवड्यात असतं.

सणाच्या रजेचं कोडं मात्र लगेच सुटतं. 'धार्मिक कारणासाठी रजा' एवढंच लिहून डीनच्या कार्यालयाला आगाऊ कळवा, आणि शिक्षकांच्या यादीत फक्त 'मंजूर रजा' दिसावी अशी विनंती करा. दारफाळणीच्या सणाला, म्हणजे योम किप्पूरला, पंचवीस तासांचा उपास करून, पोटदुखीचं सोंग करून एकट्यानं पडून राहणं हे पंधरा वर्षांच्या मुलावर फार मोठं ओझं आहे. त्या दिवशी त्याला घरी आणा. रूममेटला 'घरी कार्यक्रम आहे' हे उत्तर पुरतं आणि ते खोटंही नाही. इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजात १८७८ पासून २००५ पर्यंत ज्यू मुलांसाठी वेगळं वसतिगृह होतं, कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांनुसारचा स्वयंपाक आणि सिनेगॉग म्हणजे स्वतःचं प्रार्थनास्थळ यांसह. म्हणजे प्रतिष्ठित शाळेला हे जमतच नाही असं नाही.

सांगायची वेळ आली तर ती त्यानं निवडावी. आधी एकाच माणसाला, शक्यतो मजल्याबाहेरच्या. वाक्य छोटं, कबुलीच्या सुरात नको: 'बाय द वे, मी ज्यू आहे, इंडियन ज्यू.' पूर्वी खोटं सांगितलं असेल तर 'तेव्हा सांगायची भीती वाटली' एवढं पुरे. 'यू डोन्ट लुक ज्यूइश' हे हमखास येणार, आणि ते ज्यू मुलांकडूनही येतं. त्याचा घाव वेगळाच असतो, मुलाला आधी कल्पना द्या. उत्तर दोन ओळींचं: आम्ही कित्येक शतकं कोकणात आहोत, शनिवारी, शाब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, तेलाचा घाणा बंद ठेवायचो म्हणून गावात 'शनवार तेली' म्हणत, मुंबईतलं आमचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं आहे. याहून जास्त इतिहास शिकवायची त्याची जबाबदारी नाही. इस्राएल आणि गाझावरूनही त्याला हटकलं जाईल. तिथल्या सरकारवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे, हे त्याला ठाऊक असावं. पण तो ज्यू आहे एवढ्याच कारणानं त्याच्याकडून जाब मागणं हा द्वेष आहे, आणि 'मी यावर बोलणार नाही' म्हणायचा त्याला पूर्ण हक्क आहे.

काही खुणा दिसल्या तर वरचं सगळं बाजूला ठेवून त्याला घरी आणायचं: झोप उडणं, वजन उतरणं, दर सोमवारी आरोग्य केंद्रात जाणं, आणि एक खूण जी घरच्यांना उलटी वाटते, ती म्हणजे तसले विनोद तो स्वतः सगळ्यांत मोठ्यानं करू लागणं. जिवाचं काही बोलला तर ९८८ या अमेरिकेतल्या संकटकालीन हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन किंवा मेसेज करा.

आणि आजीचा फोन. मुलगा तो शुक्रवारी संध्याकाळी उचलत नाही, कारण आजीच्या शाब्बाथच्या शुभेच्छा, 'शाब्बाथ शालोम', स्पीकरवर ऐकू जातील. फोन बंद करू नका, वेळ बदला. रूममेट सरावाला किंवा जेवायला गेलेला असतो ती वेळ त्याच्याकडून विचारून घ्या. इअरफोन लावून त्यानं फक्त ऐकायचं, बोलायचं नसेल तर नको. आजीला कारण सांगायचीही गरज नाही. तिला म्हणा, आता या वेळेला लावत जा.